सुसह्य

विक बंदराच्या त्या थंड सभागृहात
समुद्र भिंतीला लावला होता, सपाट, चार टाचण्यांनी.
त्यावर बहात्तर ठिपके:
अजून न उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या.
ठिपक्यांवरून रेघा,
चौदा दिवस हिवाळ्यातल्या, चौदा उन्हाळ्यातल्या.
हिरवी मालवाहू, तांबडी टँकरची,
जांभळी ऑर्कनीच्या फेरीबोटीची, जी वादळात
नेहमीची वाट सोडून पूर्वेला वळते,
नेमकी एकोणिसाव्या ठिपक्यावरून.

रेघा मी काढल्या होत्या.
हिवाळ्यातले चौदा दिवसही मीच काढले
सर्वेक्षणाच्या बोटीवर, रडारपुढे,
पोटात काही ठरत नसताना
प्रत्येक जहाजाचं नाव, लांबी, वेग, दिशा लिहीत.
आठव्या रात्री एक ठिणगी दिसली, ईशान्येला,
नाव नसलेली, दोन फेऱ्यांपुरती.
लाटेचा परतावा असणार. नियमाप्रमाणे खोडली.
तरी पहाटेपर्यंत त्या कोपऱ्याकडे बघत राहिले,
न जाणो.

आता टेबलावर बिस्किटं, आणि एक तक्ता:
आडवी शक्यता, उभा परिणाम.
चौकटीचौकटीत अपघात बसवत होतो आम्ही,
लग्नातल्या पंगतीसारखे, ज्याच्या-त्याच्या मानाने.
इंजिन बंद पडून वाहत आलेलं जहाज:
तीनशे वर्षांतून एकदा.
धुक्यात पात्याखाली सापडलेलं शिडाचं होडकं:
त्याहून क्वचित.
सुसह्य, मी लिहीत गेले. सुसह्य.
सुसह्य, दिवे लावल्यास.
कोणाला, ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

विमानतळाच्या विल्मा ओग म्हणाल्या,
फिरतं पातं माझ्या पडद्यावर विमानासारखंच चमकतं.
वारा असेतो बहात्तर खोटी विमानं,
त्यांत खरं एक मी शोधायचं.
उपाय होता: पडद्याचा तेवढा तुकडा कोरा करायचा.
"मग खरंही जाईल," त्या म्हणाल्या,
आणि बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत बसल्या.

बचावाच्या हेलिकॉप्टरवरचा रुआरी टुलॉख
इतका वेळ गप्प होता.
"रांगा सरळ ठेवा. ढग खाली असले
तरी मला आत शिरावंच लागेल."
रांगांमधलं अंतर किती हवं?
"मागे वळता येईल एवढं."
हे मी मीटरमध्ये लिहिलं.

मग शेवटच्या खुर्चीवरून डॉड स्वॉन्सन उठला.
खेकड्यांचे पिंजरे टाकतो, साडेआठ मीटरची लाकडी होडी.
चष्मा कपाळावर ढकलून
समुद्राला नाक लावून बराच वेळ उभा.
"यात मी कुठली रेघ?"

त्याच्या होडीवर नाव सांगणारं यंत्र नाही.
एवढ्या लहान होडीला कायद्याने लागतही नाही.
हे मी त्याला समजावलं, दोनदा,
दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.
"पण मी तिथं होतो," तो म्हणाला.
"तुमची बोट पाहिली ना. पिवळी.
कठड्याला धरून तांबड्या टोपीतली एक बाई ओकत होती."

सभागृह हसलं. मीही हसले.
टोपी पायाशी पिशवीत होती.

कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही
असं अहवालाच्या पहिल्या पानावर असतं, वेगळ्या शब्दांत.
मी त्याला पेन्सिल दिली.
त्याने काढली ती रेघ नव्हतीच, सुटलेली विणकाम होती,
ठिपक्यांना अडखळत, त्याच त्या जागी परत येत,
आणि रंगांच्या यादीत तिच्यासाठी रंग उरला नव्हता.

लोक कोट घालत असताना मी त्याला गाठलं.
आठव्या रात्री, अडीचच्या सुमारास,
ईशान्येला होतात का तुम्ही?

त्याने मनात भरतीचे दिवस मोजले.
"असेन," म्हणाला. "नसेनही.
दिवा लावला होता, एवढं आठवतं."